दिवाळीचा फराळ आणि आषाढातली कणगी

वसुबारसेच्या आदल्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकून आम्ही वीसेक जण फराळ बांधायला बसलो होतो. एका पिशवीत पाव किलो चिवडा, चार रव्याचे लाडू, मूठभर शंकरपाळी आणि दोन चकल्या. खाली गेल्या की चकल्यांचा चुरा होई, म्हणून त्या वर ठेवायच्या ठरलं. वर ठेवल्या तर पिशवीचं तोंड बंद करताना मोडायला लागल्या. यावर बायकांमध्ये अर्धा तास चर्चा झाली. दोनशे पिशव्या, उटण्याच्या पुड्या, साबण आणि पणत्यांची दोन खोकी ‘छोटा हत्ती’ टेम्पोत चढवून नाशिकहून सावळघाटाच्या वाटेने पेठ तालुक्यातल्या एका आश्रमशाळेवर पोचलो, तर फाटकाला कुलूप. दिवाळीची सुट्टी लागून मुलं दोन दिवसांपूर्वीच घरी गेली होती. चकलीवर एवढा खल करणाऱ्या आमच्यातल्या एकालाही शाळेला सुट्टी कधी लागते हे विचारायचं सुचलं नव्हतं.

चौकीदाराने जवळचा पाडा दाखवला. तिथे खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. घराघरात नवं धान्य येऊन पडलेलं, वाघबारसेची तयारी सुरू. आम्ही पिशव्या वाटल्या, फोटो काढले. एका आजींनी पिशवी उलटीसुलटी करून पाहिली, सुनेच्या हातात दिली आणि आम्हालाच जेवायला बसवलं. नागलीची भाकर, उडदाची आमटी, वर मिरचीचा ठेचा. निघताना म्हणाल्या, "आता आमच्या घरात दाणा हाय, ताई. यायचं तर आखाडात या."

सणासुदीच्या देण्याबद्दल, सुट्टीच्या दिवसांतल्या सेवेबद्दल नंतर मी जे काही पाहिलं, वाचलं, ते सगळं या एका वाक्याशी ताडून पाहायची मला सवय लागली आहे.

आजींचं म्हणणं शेतीच्या हिशेबाचं होतं. डोंगरी भागात पावसावरचं एकच पीक. भात, नागली, वरई आश्विन-कार्तिकात घरात येते, होळीपर्यंत बरी पुरते, उन्हाळा मजुरीवर आणि मोहावर निघतो. मृगापासून पुढे कणगी तळाला जाते आणि नेमकी तेव्हाच लावणीची सगळ्यात जास्त मेहनत असते. नाल्यांना पाणी, वाटा बंद, त्यात हिवताप आणि जुलाब. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या बहुतेक पावसाळ्यातच का येतात, त्याचं एक उत्तर इथे आहे. या महिन्यांसाठी काढायच्या कर्जाला मराठीत स्वतंत्र शब्द आहे: खावटी. सावकाराकडून खावटी उचलायची आणि पीक आलं की दामदुपटीने फेडायची, ही रीत मोडावी म्हणून राज्य सरकारने १९७८ पासून खावटी कर्जाची योजना आणली. ती रखडली, बंद पडली. करोनाच्या काळात २०२० मध्ये अनुदानाच्या रूपात पुन्हा आली. कुटुंबामागे चार हजार रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याच्या वस्तू. त्या वस्तू अनेक पाड्यांवर पोचायला २०२१ उजाडलं, ही वेगळी कथा. पण भूक कुठल्या महिन्यात लागते एवढं तरी सरकारच्या कागदावर बरोबर लिहिलेलं होतं. आमच्या फराळाच्या यादीवर तेही नव्हतं.

जुन्या रीतींकडे या नजरेने पाहिलं तर काही रीती आपल्यापेक्षा हुशार निघतात. रमजानमधला फितराच घ्या. जकात वर्षभरात कधीही काढता येते, शिल्लक मालमत्तेच्या अडीच टक्के. फितऱ्याला मात्र मुदत आहे. ईदच्या नमाजाआधी तो पोचलाच पाहिजे. घरातल्या प्रत्येक माणसामागे ठरावीक मापाचं धान्य किंवा त्याची किंमत, कारण ज्याला द्यायचं त्याच्याही घरी त्याच दिवशी ईद व्हायला हवी. उशिरा दिला तर तो साधा दानधर्म होतो, फितरा राहत नाही. बकरी ईदच्या कुर्बानीचे तीन वाटे करतात, एक घरचा, एक नात्यागोत्यातल्यांचा, एक गरिबाचा. घेणारा कोण, कधी, किती, हे रीतीतच बांधलेलं आहे. देणाऱ्याच्या लहरीला जागा कमी.

आपल्याकडची अशीच एक रीत मला फार जवळची वाटते. ज्या घरात वर्षभरात कुणी गेलेलं असेल तिथे दिवाळीला कढई चढत नाही. मग शेजारून, नात्यातून डबे येतात. आई गेली त्या वर्षी आमच्याकडे सात घरांचा चिवडा होता, सातही वेगळ्या चवीचे. डबा आणून देणारी बाई उंबऱ्यात थांबत नसे, फार बोलत नसे. डबा रिकामा परत द्यायचा नाही ही नेहमीची पद्धतही त्या वर्षापुरती माफ. गोव्यात नाताळला कोंसुआदचं ताट शेजाऱ्यांकडे जातं, त्यात हिंदू शेजारीही आले. दोदोल, कुलकुलं, नेवऱ्या. चतुर्थीला उलट दिशेने ताट येतं. यात दान कुठेच नाही, परतफेडीचा हिशेब आहे आणि तो हिशेब उघडपणे ठेवण्यात कुणाला संकोच नाही. एकाच बाजूने वाहणारं देणं आलं की घेणाऱ्याची मान थोडी खाली जाते. देवाणघेवाणीत तसं होत नाही.

दिवाळीचा पाडवा तर चक्क एका दात्याच्या नावाचा. बळीने मागेल ते दिलं आणि स्वतः पाताळात गेला. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणणाऱ्या बाया वामनाची नव्हे, हरलेल्या दात्याची आठवण काढतात. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त या कथेचा अर्थच फिरवला. त्यांचा बळीराजा रयतेचा न्यायी राजा होता आणि मागायला आलेला वामन आक्रमक. मागणारा नेहमी दुबळाच असतो असं नाही, हे त्या कथेत आहेच. वर्गणी मागायला आलेली पोरं दारात उभी राहिली की याची प्रचीती येते.

‘पोस्त’ हा असाच एक विसरत चाललेला शब्द. दिवाळीला पोस्टमन, गुरखा, झाडूवाला, लिफ्टवाला पोस्त मागायला येत. मागण्यात हक्क असे, आर्जव नसे. वर्षभर तुमचं काम केलं, आता सणाला द्या. घरातले नाक मुरडत आणि देत. या पोस्तीचं मोठं रूप म्हणजे बोनस. मुंबईच्या गिरण्यांत पहिल्या महायुद्धाच्या तेजीत मालकांनी खुशीने बोनस दिला. तेजी ओसरल्यावर बंद केला तेव्हा कामगार बिथरले आणि १९२४ मध्ये मोठा संप झाला. बोनस ही आमची मर्जी, असं मालकांचं म्हणणं. नेमलेल्या चौकशी समितीनेही कामगारांचा कायदेशीर हक्क मानला नाही. चाळीस वर्षांच्या भांडणानंतर १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. किमान दर पुढे ८.३३ टक्क्यांवर स्थिरावला, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, आणि कमाल २० टक्के. सणाची खुशी कायद्याच्या कलमात गेली. मला हे त्या खुशीचं भाग्य वाटतं. घरकामाच्या बायका या कायद्यात कधी बसल्या नाहीत. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, संघटना उभी राहिली आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार ही रीत हळूहळू रुजली. अजूनही बऱ्याच घरांत महिन्याच्या पगाराऐवजी जुनी साडी आणि फराळाचा डबा दिला जातो. त्याच घरातून अनाथाश्रमाला मिठाईची पेटी गेलेली असते.

सणांच्या देण्यातला घोळ सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतो असं मला कुणी विचारलं तर मी रक्तपेढी सांगेन. शिवजयंती, १५ ऑगस्ट, गणेशोत्सव, एखाद्या नेत्याचा वाढदिवस: मांडव पडतो, पलंग लागतात, रांगा लागतात, शंभर पिशव्यांचा विक्रम दोनशेने मोडला जातो. रक्तदात्याला बिस्किटाचा पुडा, प्रमाणपत्र आणि बरेचदा हेल्मेट किंवा भिंतीवरचं घड्याळ. आता रक्ताचं स्वतःचं पंचांग पाहा. तांबड्या पेशी साठवणीच्या द्रावणाप्रमाणे ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स अवघे पाच दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला पुढचे ९० दिवस देता येत नाही, बाईला १२० दिवस. म्हणजे गावातल्या सगळ्या तरुणांनी एकाच दिवशी हौसेने रक्त दिलं, तर पुढचे तीन महिने त्या गावात रक्त द्यायला कुणी उरतच नाही. मे महिन्यात आणि दिवाळीत कॉलेजं बंद, माणसं गावाला. रक्तपेढ्यांची आवाहनं नेमकी याच दिवसांत येतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, त्याच्या शरीराला शिवजयंती कळत नाही.

रक्तपेढीत काम करणाऱ्या एका ओळखीच्या तंत्रज्ञ बाई म्हणाल्या, "आम्हाला विक्रम नकोत हो, तारखा हव्यात." त्यांनी एका मंडळाला दर मंगळवारी दहाच माणसं पाठवायला सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षांचा चेहरा पडला. दहा माणसांचा मांडव काय घालणार, बॅनर काय लावणार? शेवटी दोन महिने पाठवली, मग थांबली. वर्षातून एकदा शिबिर पुन्हा सुरू झालं.

मंडळांवर टीका करणं सोपं आहे आणि मी ती वरच केली आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. १८९३ पासून सार्वजनिक रूप घेतलेल्या गणेशोत्सवाने महाराष्ट्राला स्वयंसेवकांचं जेवढं मोठं मनुष्यबळ दिलं, तेवढं दुसऱ्या कुठल्या सणाने दिलं नसेल. मांडव घालणं, रांग लावणं, हरवलेलं पोर आईकडे पोचवणं, रात्रभर मिरवणुकीत दोरी धरून उभं राहणं. हे शिकलेली पोरं पुरात होड्या घेऊन बाहेर पडतात. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात सरकारी यंत्रणा पोचण्याआधी कितीतरी ठिकाणी तालमींची आणि मंडळांची पोरं पोचली होती. वर्गणीसाठी पोरं दारात येतात तेव्हा पावतीपुस्तकाकडे मात्र एकदा नजर टाकावी. नोंदणीकृत न्यास नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१-क खाली. ‘पावती फाडणे’ या शब्दप्रयोगात जी जबरदस्ती आहे ती या कलमाने फारशी कमी झालेली नाही. तरी उत्सवाची शिल्लक वर्षभराच्या कामात वळवणारी मंडळंही आहेत. पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टचं ससून रुग्णालयातल्या रुग्णांना जेवण पुरवण्याचं काम आणि कोंढव्याचा वृद्धाश्रम ही त्यातली ठळक उदाहरणं. २०२० मध्ये लालबागच्या राजाच्या मंडळाने मूर्ती न बसवता अकरा दिवस आरोग्योत्सव केला, रक्त आणि प्लाझ्मा गोळा केला. गर्दी जमवता येत नाही म्हटल्यावर देण्याचं रूप बदलता येतं, हे त्या वर्षाने दाखवलं. पुढच्या वर्षांत गर्दी परतली.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीची ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही मोहीम मला या सगळ्यात चतुर वाटते. नवा पैसा नको, नवी वस्तू नको. होळीत टाकायची म्हणून केलेली पुरणपोळी आगीत न टाकता टोपलीत टाका. कार्यकर्ते होळीपाशी उभे राहतात, पोळ्या गोळा करतात आणि त्याच रात्री भुकेल्या वस्तीत पोचवतात. पुरणपोळी दुसऱ्या दिवशीही छान लागते. शिळी पोळी तुपावर परतून खाल्लेली ज्यांना माहीत आहे ते हे कबूल करतील. तरी कुठे कुठे वाद झाला, देवाचं ते माणसाला कसं द्यायचं म्हणून.

कपड्यांच्या बाबतीत आपण जास्त बेफिकीर असतो. दिवाळीआधी कपाटं आवरली की गाठोडी निघतात आणि ‘गरिबाला देऊन टाका’ म्हणून दाराबाहेर पडतात. बटण तुटलेले शर्ट, एकेक मोजा, लग्नातला कोट. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा नको असलेल्या कपड्यांचे डोंगर रस्त्याकडेला सडत पडले होते. ‘गूंज’च्या माणसांनी ते उचलले, निवडले. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत घरातल्या ६७ कपड्यांवर सुरू केलेली ही संस्था; २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांची मुख्य युक्ती अशी की गावाने आधी स्वतःचं काम ठरवायचं: विहीर उपसायची, रस्ता करायचा, तळं खोदायचं. काम झालं की मजुरी म्हणून कपडे. भीक नाही, मेहनताना. फाटके सुती कपडे धुऊन, कापून त्यांच्या मासिक पाळीसाठी घड्या केल्या जातात, नाड्यासुद्धा वेगळ्या काढून ठेवल्या जातात. इथे देणाऱ्याचं कपाट आणि घेणाऱ्याची अब्रू यांच्यामध्ये कुणीतरी बसून निवड करतं. आपल्या गाठोड्यांत ती निवड कुणी करत नाही.

फोटोंबद्दल थोडक्यात. बालगृहातल्या मुलाच्या हातात लाडू ठेवून काढलेला फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं हा निव्वळ अभिरुचीचा प्रश्न नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. आमच्या ग्रुपवर हे मी लिहिलं तेव्हा एका काकांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि फोटो तसाच ठेवला.

आता हाताने केलेल्या सेवेकडे. यात गाडगेबाबांच्या पुढे कुणाला ठेवणार? १८७६ चा जन्म, १९५६ चा मृत्यू, मधल्या काळात हातात खराटा. गावात यायचं, आधी गाव झाडायचं, भाकरी घ्यायची ती काम करून, रात्री कीर्तन. पंढरपूरला जायचे, देवळात जायचे नाहीत, वाळवंट झाडायचे. यात्रेला आलेल्या गरिबाला रात्री पाठ टेकायला जागा नसते हे त्यांनी पाहिलं आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी. दादरच्या त्यांच्या धर्मशाळेत आजही परळला कॅन्सरच्या उपचारासाठी आलेली माणसं नातेवाइकांसह राहतात. यात्रा चार दिवसांची, पण खोली बाराही महिने लागते, हे त्या निरक्षर माणसाने आमच्यासारख्या एक्सेल शीट भरणाऱ्यांच्या आधी ओळखलं.

आषाढी वारी हा तर सेवेचा फिरता बाजारच. अन्नदान सगळ्यांना दिसतं, मला रस्त्याकडेला बसलेले चांभार आणि न्हावी जास्त आठवतात. फलकावर ‘वारकऱ्यांच्या चपला मोफत शिवून मिळतील’, समोर चपलांचा ढीग, दोऱ्याला मेण लावत खाली मान घालून बसलेला माणूस. तो आपल्या धंद्यातलंच देत असतो, दिवसाची कमाई बुडवून. डॉक्टर पाय तपासतात, कुणी तेल चोळतं, शिंपी झोळीला टाका घालतो. त्याच रस्त्यावर सकाळी नऊच्या आत चौथा केळीवाला ट्रक येतो तेव्हा म्हातारे वारकरी हात जोडून नको म्हणतात, ट्रकवरची माणसं केळी तरीही हातात कोंबतात, आणि मागे सालींचा चिखल होतो. पुणे विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेची पोरं स्वच्छ वारीच्या टोप्या घालून तो उचलतात.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात सुरू झाली. सुरुवातीला ३७ विद्यापीठं, ४० हजार विद्यार्थी. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिराला मार्क मिळतात म्हणून जाणारी पोरं खूप, आणि त्यात काही वाईट नाही; माझीही सुरुवात तशीच. आमच्या शिबिराचं काम होतं वनराई बंधारा: सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यात आडव्या रचायच्या. पावसाळा संपून ओढा वाहता असतानाच याचा उपयोग. परीक्षा, मग गॅदरिंग, मग सरांची रजा, असं करत शिबिर फेब्रुवारीत गेलं. ओढा केव्हाच आटला होता. आम्ही कोरड्या ओढ्यात चारशे गोण्या रचल्या, गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि एक म्हातारबाबा बांधावर बसून शेवटपर्यंत हसत होते. पुढच्या वर्षी शिबिर नोव्हेंबरात घेतलेल्या सरांचं मला आजही कौतुक वाटतं, त्यासाठी त्यांनी प्राचार्यांशी भांडण घेतलं होतं.

उन्हाळी सुट्टीतल्या सेवेचं नाव काढलं की सोमनाथ येतंच. बाबा आमट्यांनी साठच्या दशकाच्या अखेरीस चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या सोमनाथला श्रमसंस्कार छावणी सुरू केली, मे महिन्याच्या उन्हात, जेव्हा शहरातली पोरं मामाच्या गावाला जातात. शहरी पोरांच्या हातून आठ दिवसांत फार मोठं काम होत नसे. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसांच्या शेजारी बसून एकाच पंगतीत जेवण्याचा आठवडा मात्र त्या पोरांना बदलून टाकी. हा फायदा देणाऱ्याचा होता, आणि बाबांनी तो कधी लपवला नाही. सुट्टीतल्या सेवेचं मोजमाप करताना हे वेगळं खातं मांडायला हवं.

पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपने तारखेचा प्रश्न सोडवून टाकला होता. २०१६ मध्ये वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा तीनच तालुक्यांत सुरू झालेली ही जलसंधारणाची स्पर्धा २०१८ पर्यंत ७५ तालुक्यांत गेली. ४५ दिवस, एप्रिल-मेच्या उन्हात. ही तारीख पावसाने ठरवलेली. समतल चर पहिल्या पावसाआधी खणून व्हायला हवेत, नाहीतर पाणी गेलं. २०१८ च्या महाराष्ट्र दिनाला शहरांतून जलमित्र कुदळी घेऊन गेले. अर्ध्या तासात तळव्यांना फोड. एका गावात बायांनी हसत त्यांच्या हातांना हळद लावली, सावलीत बसवलं, आणि उरलेला चर स्वतः खणला. तरी त्या दिवशी मुंबईच्या माणसाला एक घनमीटर माती म्हणजे किती, हे कळलं असेल.

शहरी देणाऱ्यांना सांभाळण्याचं हे काम सगळ्याच संस्था करतात. २००९ मध्ये सुरू झालेला दान उत्सव आता दरवर्षी २ ते ८ ऑक्टोबरला साजरा होतो, कंपन्या आपली माणसं बस भरून पाठवतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला लावले, त्यात ही बसही असते. एकच भिंत तीन कंपन्यांनी तीन आठवड्यांत रंगवलेली मी पाहिली आहे. संस्थांचा खरा सण मात्र ३१ मार्च, आयकर सवलतीच्या ८०-जी कलमाची पावती. या कलमात वस्तूंच्या दानाला सूट नाही, दोन हजारांवरच्या रोखीलाही नाही. तरी लोक वस्तूच देतात, कारण वस्तू हातात ठेवता येते आणि समोरच्याचा चेहरा बघता येतो. पगाराला, वीजबिलाला, गाडीच्या टायरला कुणी देत नाही.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तिथे दिवाळी आणि थँक्सगिव्हिंगच्या सुमारास महाराष्ट्र मंडळंही अन्नसंकलन करतात, आणि ते स्थानिक फूड बँकेला जातं. फूड बँकेची ही व्यवस्था १९६७ मध्ये ॲरिझोनातल्या फीनिक्समध्ये जॉन व्हॅन हेंगेल यांनी सुरू केली. फूड बँक आधी यादी देते: शेंगदाण्याचं बटर, डबाबंद घेवडा, तांदूळ. घरी केलेलं चालत नाही, मुदत संपलेलं चालत नाही. आमची एक मैत्रीण तिथे बेसनाचे लाडू घेऊन गेली तर दारातूनच परत आली. अपमान झाला म्हणून दोन दिवस धुसफुसत होती, तिसऱ्या दिवशी यादीतलं सामान घेऊन गेली.

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला तारीखच नसते. बाहेर जोडे सांभाळणाऱ्यांमध्ये कोण कारखानदार आणि कोण रिक्षावाला ते ओळखू येत नाही. आत कुणी पोळ्या लाटतं, कुणी भांडी घासतं, आणि जेवायला सगळे एकाच पंगतीत जमिनीवर. लॉकडाऊनमध्ये महामार्गावरून चालत निघालेल्या मजुरांना कितीतरी ठिकाणी पहिला गरम घास अशाच लंगरांनी दिला. तिथे यादी नव्हती, बैठक नव्हती. रोजच पेटलेल्या चुली होत्या, त्या फक्त मोठ्या केल्या.

आमच्या पाड्यावर आम्ही परत गेलो, पुढच्या आषाढात. फराळाला वीस जण होतो, या वेळी सहा. यादी आम्ही केली नव्हती, पाड्यावरच्या आशाताईंनी फोनवर सांगितली होती: तूरडाळ, तेल, गूळ, शेंगदाणे, मीठ, मच्छरदाण्या, आणि झोपडी शाकारायला प्लास्टिकचं कापड, निळं नको, काळं जाड. सावळघाटात धुकं, पुढे फरशीवरून पाणी जात होतं. छोटा हत्ती अलीकडेच थांबला. पाड्यावरची पोरं आणि बाया पाण्यातून अलीकडे आल्या, गोण्या डोक्यावर घेतल्या, आणि आम्हाला हात धरून पलीकडे नेलं. फोन सगळ्यांचे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले.

आजी घरी नव्हत्या, लावणीला गेल्या होत्या. सुनेने ओसरीवर सगळं मांडून घेतलं, आशाताईंच्या चिठ्ठीशी एकेक वस्तू ताडून पाहिली. मिठाचा एक पुडा कमी भरला. तिने चिठ्ठीवर त्याच्यापुढे फुली मारली, चिठ्ठी माझ्या हातात दिली आणि पुढची खेप कधी ते विचारलं.